विश्लेषण : ताण एकच, मग काहींचे शरीर लवकर सावरते आणि काहींचे का नाही?

१०२२ मधून १३ वजा करायचे. उत्तर १००९. त्यातून पुन्हा १३, म्हणजे ९९६. पुन्हा १३, म्हणजे ९८३. हे सगळे मोठ्याने आणि भरभर सांगत जायचे. चूक झाली की पुन्हा १०२२ पासून सुरुवात. समोर बसलेले परीक्षक हसत नाहीत, मान डोलावत नाहीत, फक्त पाहत राहतात. माणसाला प्रयोगशाळेत ताण देण्यासाठी जगभरातील संशोधक गेली तीसहून अधिक वर्षे ही पद्धत वापरत आहेत. चाचणी सर्वांना सारखीच असते. शरीराचा प्रतिसाद मात्र माणसागणिक बदलतो.

घरात, कॉलेजात किंवा कार्यालयात असा फरक दिसला की त्याचे कारण स्वभावात शोधले जाते. ‘तो बघ किती खंबीर आहे, तुलाच का जमत नाही?’ हे वाक्य स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांपासून नुकतेच बाळंतपण झालेल्या मुलीपर्यंत अनेकांनी ऐकलेले असते. या प्रश्नाला जीवशास्त्र काय उत्तर देते?

चाचणीत काय आढळले?

या पद्धतीला ‘ट्रियर सोशल स्ट्रेस टेस्ट’ म्हणतात. जर्मनीतील ट्रियर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम, कार्ल-मार्टिन पिर्के आणि डिर्क हेलहामर यांनी ती विकसित केली आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. तयारीसाठी दहा मिनिटे, मग नोकरीच्या मुलाखतीसारखे पाच मिनिटांचे भाषण आणि त्यानंतर पाच मिनिटांची वजाबाकी, असे तिचे स्वरूप आहे. चाचणीच्या आधी आणि नंतर लाळेचे नमुने घेऊन त्यातील ‘कॉर्टिसॉल’ या हार्मोनचे प्रमाण मोजले जाते. सर्वसाधारणपणे ते दोन ते चार पटींनी वाढते.

खरी गंमत १९९५ मध्ये पुढे आली. किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी २० निरोगी पुरुषांना हीच चाचणी सलग पाच दिवस द्यायला लावली. त्यातील १३ जणांचे कॉर्टिसॉल फक्त पहिल्या दिवशी वाढले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या शरीराने ‘यात काही धोका नाही’ असे जणू ठरवून टाकले. उरलेल्या सात जणांचे कॉर्टिसॉल मात्र पाचही दिवस वाढत राहिले. चाचणी तीच, तरी त्यांच्या शरीराला सवय झाली नाही. या सात जणांमध्ये स्वतःविषयीचे मत तुलनेने कमी असणे, मन उदास राहणे आणि शारीरिक तक्रारी अधिक असणे, अशी लक्षणेही दिसली.

म्हणजे फरक दोन ठिकाणी पडतो. पहिल्या झटक्याला शरीर किती उसळते, हा एक भाग. तोच ताण पुन्हा पुन्हा आल्यावर शरीर शांत व्हायला शिकते की नाही, हा दुसरा. आरोग्याच्या दृष्टीने दुसरा भाग अधिक महत्त्वाचा ठरतो.

ताण आला की शरीरात नेमके काय होते?

शरीराच्या दोन यंत्रणा कामाला लागतात. पहिली काही सेकंदांत सुरू होते. मेंदूकडून निघालेला संदेश मज्जातंतूंमार्फत थेट मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत पोहोचतो आणि ॲड्रेनलिन रक्तात सोडले जाते. हृदय जोराने धडधडू लागते. रक्त पोट आणि त्वचेकडून स्नायूंकडे वळवले जाते. लाळ कमी होते, घाम वाढतो. पोटात गोळा येणे, हातपाय गार पडणे, तोंडाला कोरड पडणे, दरदरून घाम फुटणे हे मराठीतले वाक्प्रचार या यंत्रणेचे अगदी अचूक वर्णन आहे.

दुसरी यंत्रणा संथ असते. मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला संदेश देतो, पिट्युटरी ॲड्रिनल ग्रंथींना आणि मग कॉर्टिसॉल तयार होते. ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. ते रक्तातील साखर वाढवते, म्हणजे शरीराला लागणारे इंधन पुरवते. पचन, वाढ, प्रजनन यांसारखी ‘नंतर केली तरी चालतील’ अशी कामे तात्पुरती मागे टाकली जातात.

कॉर्टिसॉलला ‘वाईट हार्मोन’ समजण्याची पद्धत त्यामुळे चुकीची आहे. सकाळी जाग आल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात ते रोजच वाढते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वात कमी असते. ते अजिबात तयार झाले नाही, तर जिवावर बेतू शकते.

मग व्यक्तीनुसार फरक कुठे पडतो?

घरातल्या गिझरचे उदाहरण घेता येईल. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की थर्मोस्टॅट गिझर बंद करतो. कॉर्टिसॉलची यंत्रणाही अशीच चालते. रक्तात पुरेसे कॉर्टिसॉल आले की ते मेंदूतील विशिष्ट ग्राहकांना, म्हणजे ‘रिसेप्टर’ना, जाऊन चिकटते आणि ‘आता पुरे’ असा संदेश जातो. हिप्पोकॅम्पस, हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी या ठिकाणी हे रिसेप्टर असतात.

ज्याच्या मेंदूत रिसेप्टर भरपूर आणि संवेदनशील, त्याची यंत्रणा लवकर बंद होते. ज्याच्याकडे ते कमी किंवा मंद, त्याचा गिझर पाणी उकळले तरी सुरूच राहतो. हा थर्मोस्टॅट कोणाचा कुठे लावला जातो, हे जनुके, गर्भावस्था, बालपण आणि पुढचे आयुष्य मिळून ठरवतात.

सगळे जनुकांतच असते का?

नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात असलेल्या चार हजारांहून अधिक जुळ्या भावांच्या जोड्यांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष लढाईचा अनुभव जमेस धरल्यानंतर, आघातोत्तर तणाव विकाराच्या (पीटीएसडी) लक्षणांमधील माणसामाणसांतल्या फरकापैकी साधारण १३ ते ३४ टक्के वाटा आनुवंशिकतेचा असल्याचे त्यात दिसले. वाटा लक्षणीय आहे, पण निम्म्याहून अधिक फरक जनुकांच्या बाहेरून येतो.

‘तणावाचे जनुक’ शोधण्याचा प्रयत्न मात्र एकदा चांगलाच फसला आहे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या गटाने २००३ मध्ये एक निष्कर्ष मांडला. सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचा ‘आखूड’ प्रकार असलेल्यांना आयुष्यातील धक्क्यांनंतर नैराश्य येण्याची शक्यता अधिक, असा तो निष्कर्ष होता. त्याची जगभर चर्चा झाली. पण २००९ मध्ये १४ अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा हा संबंध टिकला नाही. २०१९ मध्ये अशा १८ गाजलेल्या जनुकांची मोठ्या लोकसंख्येवर पडताळणी झाली. त्यातही नैराश्याशी त्यांचा ठोस संबंध आढळला नाही.

आज संशोधक एका जनुकाकडे बोट दाखवत नाहीत. अनेक जनुकांचा प्रत्येकी छोटा वाटा असतो, असे मानले जाते. त्यात ‘एफकेबीपी५’ या जनुकाकडे विशेष लक्ष आहे, कारण त्यापासून तयार होणारे प्रथिन कॉर्टिसॉलच्या रिसेप्टरची संवेदनशीलता कमी करते. म्हणजे ते थेट थर्मोस्टॅटशी संबंधित आहे. अमेरिकेत अटलांटातील रुग्णांवर झालेल्या अभ्यासात २००८ मध्ये असे दिसले, की या जनुकाचा विशिष्ट प्रकार एकट्याने पीटीएसडीचा धोका वाढवत नाही. बालपणी अत्याचार झालेल्यांमध्ये मात्र त्याचा परिणाम दिसतो.

बालपणाचा वाटा किती?

कॅनडात माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातील मायकेल मीनी यांच्या गटाने उंदरांवर केलेले प्रयोग या विषयात पायाभूत मानले जातात. काही माद्या पिलांना भरपूर चाटतात, गोंजारतात, काही कमी. भरपूर चाटल्या गेलेल्या पिलांच्या मेंदूत मोठेपणी कॉर्टिसॉलसदृश हार्मोनचे रिसेप्टर अधिक आढळले आणि ताणानंतर ती लवकर शांत झाली. हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा गुण आईच्या जनुकांतून आला नसेल कशावरून? ते तपासण्यासाठी जन्मानंतर लगेच पिलांची अदलाबदल करण्यात आली. कमी चाटणाऱ्या मादीची पिले जास्त चाटणाऱ्या मादीकडे वाढली, तेव्हा ती मोठेपणी वाढवणाऱ्या आईसारखी शांत झाली. २००४ मध्ये यामागची रासायनिक खूणही सापडली. आईच्या स्पर्शामुळे रिसेप्टर तयार करणाऱ्या जनुकावरील ‘मिथाइल’ नावाच्या रासायनिक खुणांचे प्रमाण बदलत होते. जनुकाची अक्षरे तीच राहिली, पण ते किती वाचले जाईल हे बदलले. याला ‘एपिजेनेटिक’ बदल म्हणतात.

उंदरांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत. पण रुमानियातील एका अभ्यासाने माणसांबाबतही महत्त्वाचा पुरावा दिला. तेथील अनाथालयांत हजारो मुले पुरेशी माया आणि लक्ष न मिळता वाढत होती. २००० मध्ये बुखारेस्ट येथे सुरू झालेल्या प्रकल्पात अशा १३६ बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून सांभाळ करणाऱ्या कुटुंबांकडे सोपवण्यात आले. ही मुले साधारण १२ वर्षांची झाल्यावर त्यांना ताण देणाऱ्या चाचण्या घेण्यात आल्या. संस्थेत राहिलेल्या गटातील मुलांची यंत्रणा मंदावलेली होती. त्यांचे कॉर्टिसॉल अपेक्षेइतके वाढलेच नाही. वयाच्या साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांचा प्रतिसाद मात्र सामान्य कुटुंबांतील मुलांसारखा होता.

सुरुवात गर्भातच होते का?

तसे संकेत आहेत. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील वर्ल्ड ट्रेड सेंटरवर हल्ला झाला, तेव्हा त्या परिसरात असलेल्या ३८ गर्भवतींचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास रेचल येहुदा यांच्या गटाने केला. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्या मातांना पीटीएसडी झाला, त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल कमी होतेच, पण त्यांच्या साधारण वर्षभराच्या बाळांमध्येही ते कमी आढळले. हल्ल्याच्या वेळी ज्या गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत होत्या, त्यांच्या बाळांत हा परिणाम अधिक ठळक होता. अभ्यास लहान असल्याने त्यावरून सरसकट अनुमान काढता येत नाही.

भारतातही या दिशेने काम झाले आहे. म्हैसूरमध्ये जन्मापासून पाठपुरावा होत असलेल्या मुलांना किशोरवयात ट्रियर चाचणीची मुलांसाठीची आवृत्ती देण्यात आली. गर्भारपणात मधुमेह झालेल्या मातांच्या मुलांमध्ये ताणाला हृदय आणि रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद अधिक तीव्र असल्याचे आढळले. गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण आपल्याकडे मोठे असल्याने हा धागा महत्त्वाचा आहे.

मेंदूतील फरक हे ताणाचे कारण की परिणाम?

पीटीएसडीच्या रुग्णांमध्ये हिप्पोकॅम्पस आकाराने लहान असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले होते. दीर्घ ताणाने तो आक्रसतो, असा सर्वसाधारण समज होता. २००२ मध्ये एका अभ्यासाने त्याला छेद दिला. त्यात एकसारख्या जुळ्या भावांच्या जोड्या होत्या. एक भाऊ व्हिएतनामच्या लढाईत गेलेला, दुसरा कधीच न गेलेला. लढाईनंतर तीव्र पीटीएसडी झालेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान होताच, पण त्यांच्या युद्ध न पाहिलेल्या जुळ्या भावांचाही तो लहानच होता. म्हणजे निदान काही प्रमाणात हा फरक आघाताच्या आधीपासूनच होता. ते सैनिक मनाने हरले, असे म्हणणे त्यामुळे अन्यायाचे ठरते.

खंबीर माणसांच्या शरीरात वेगळे काय असते?

अमेरिकी सैन्याच्या खडतर प्रशिक्षणात खोटी कैद आणि उलटतपासणी असते. चार्ल्स मॉर्गन यांच्या गटाने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विशेष दलाच्या आणि इतर सैनिकांच्या रक्ताची तुलना केली. विशेष दलाच्या सैनिकांत ‘न्यूरोपेप्टाइड वाय’ हे द्रव्य तणावाच्या क्षणी अधिक होते आणि २४ तासांत ते पूर्वपातळीवर आले. इतरांमध्ये ते पूर्वपातळीच्याही खाली गेले होते. हे द्रव्य ताणाच्या यंत्रणेला लगाम घालण्याचे काम करते.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. खंबीर दिसणाऱ्या माणसाच्या शरीरातही ताण उसळतोच. त्याच्याकडे ब्रेक चांगला असतो. तो ब्रेक जन्मतः मिळाला की सरावाने, हे या एका अभ्यासातून ठरत नाही.

स्त्री आणि पुरुषांत फरक असतो का?

ट्रियर चाचणीत पुरुषांच्या लाळेतील कॉर्टिसॉल सरासरीने अधिक वाढते. मात्र स्त्रियांमध्ये ते मासिक पाळीच्या टप्प्यानुसार बदलते. १९९९ च्या एका अभ्यासात पाळीच्या उत्तरार्धातील स्त्रियांचा प्रतिसाद पुरुषांइतकाच होता, तर पूर्वार्धातील आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांचा कमी. यावरून ‘स्त्रियांना ताण कमी येतो’ किंवा ‘त्या अधिक हळव्या असतात’ यापैकी कोणतेही विधान सिद्ध होत नाही. हार्मोनचे आकडे आणि मनाला जाणवणारा ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१२ मध्ये झालेल्या आढाव्यात, ट्रियर चाचणीच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या अभ्यासांतच या दोहोंचा स्पष्ट संबंध दिसला. चेहऱ्यावर काहीच न दाखवणाऱ्या माणसाचे शरीर आतून पेटलेले असू शकते.

कॉर्टिसॉल कमी म्हणजे चांगले का?

नेहमीच नाही. रुमानियातील संस्थेत वाढलेली मुले आणि पीटीएसडीचे अनेक रुग्ण यांच्यात ते कमी आढळते. सतत वापरून यंत्रणा मंदावली किंवा थर्मोस्टॅट अतिसंवेदनशील झाला, की असे घडते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील ब्रूस मॅकईवेन यांनी १९९३ मध्ये यासाठी ‘ॲलोस्टॅटिक लोड’ ही संकल्पना मांडली. ताणाशी जुळवून घेताना शरीराची जी झीज होते, तिचा हा हिशेब. वारंवार ताण येणे, सवय न होणे, यंत्रणा बंदच न होणे आणि ती पुरेशी सुरूच न होणे, अशा चार वाटांनी ती झीज होते. रक्तदाब, पोटाभोवतीची चरबी, रक्तातील साखर यांत ती दिसू लागते.

रक्त तपासून हे कळेल का?

‘स्ट्रेस प्रोफाइल’ किंवा आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये कॉर्टिसॉलची चाचणी अनेकदा दिसते. पण हे हार्मोन दिवसभरात वरखाली होत असल्याने एका वेळच्या आकड्यावरून तुमची ताण सोसण्याची क्षमता ठरत नाही. झोप, आजारपण, स्टिरॉइडची औषधे, गर्भनिरोधक गोळ्या यांचाही त्यावर परिणाम होतो. कुशिंग सिंड्रोम किंवा ॲडिसन आजार यांसारख्या विकारांचा संशय असेल, तेव्हा डॉक्टर ही चाचणी विशिष्ट वेळी करायला सांगतात. तिचा खरा उपयोग तिथे आहे.

हा प्रतिसाद बदलता येतो का?

काही प्रमाणात, हो. स्टॅनफर्ड विद्यापीठात माकडांच्या पिलांना आठवड्यातून एकदा तासभर, असे दहा आठवडे कळपापासून वेगळे ठेवले गेले. पुढे नव्या परिस्थितीत ही पिले कमी घाबरली आणि त्यांचे कॉर्टिसॉलही कमी होते. थोडा, झेपेल असा आणि नंतर पुन्हा आईची कूस मिळण्याची खात्री असलेला ताण ब्रेक मजबूत करू शकतो, असे हा २००४ चा अभ्यास सुचवतो. सततची टोचणी आणि अपमान ही त्यात बसणारी गोष्ट नाही.

सोबतीचाही परिणाम मोजता येतो. ट्रियर चाचणीच्या तयारीत जवळचा मित्र शेजारी असलेल्या पुरुषांचे कॉर्टिसॉल एकट्याने सामोरे गेलेल्यांपेक्षा कमी वाढले, असे २००३ मध्ये दिसले. पुरेशी झोप, नियमित व्यायाम आणि गरज असेल तेव्हा समुपदेशन वा मानसोपचार यांचाही उपयोग होतो. पण ज्याचा थर्मोस्टॅट सुरुवातीलाच वेगळ्या जागी लावला गेला आहे, त्याला तिथे पोहोचायला अधिक वेळ आणि अधिक मदत लागते. त्याच्याकडून शेजारच्या मुलाइतक्याच लवकर ‘सावर’ अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे दोन वेगळ्या गिझरना एकाच वेळेत बंद व्हायला सांगणे.

ताणामुळे झोप, भूक, अभ्यास किंवा काम दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडले असेल, तर डॉक्टरांशी बोलणे योग्य. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास विनामूल्य उपलब्ध आहे.